डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, आता अपील कुठे करायचं? माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी सगळा रस्ता

बारामती एमआयडीसीत पेन्सिल चौकाच्या आसपास शिफ्ट बदलायच्या वेळी थांबलात, तर कंपन्यांच्या गेटवर रजिस्टर घेऊन उभे असलेल्यांमध्ये माजी सैनिक दिसतात. पंधरा-सतरा वर्षं फौजेत काढून चाळिशीच्या आत गावी आलेली ही माणसं. पेन्शन असते, पण मुलांची शिक्षणं आणि घराचा हप्ता असतो, म्हणून दुसरी नोकरी धरलेली असते. यातल्या काहींच्या घरी डिस्चार्ज बुकासोबत एक पत्र जपून ठेवलेलं असतं. पत्र इंग्रजीत असतं आणि त्याचा अर्थ एवढाच असतो की तुमचा आजार सेवेमुळे झालेला नाही, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन मिळणार नाही.

बरेच जण हे पत्र म्हणजे शेवटचा निकाल समजतात. खरं तर अपिलाची सुरुवात या पत्रापासूनच होते.

पैसे नेमके कशाचे?

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला सेवेचा, म्हणजे सर्व्हिस एलिमेंट. दुसरा अपंगत्वाचा, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट. पूर्ण मुदत भरून आलेल्याला नेहमीची पेन्शन मिळतेच, त्याचं भांडण दुसऱ्या भागासाठी असतं. आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलेल्या, फौजी भाषेत ‘बोर्ड आउट’ झालेल्या जवानाचं मात्र सगळंच पणाला लागलेलं असतं. जवानाला साधी पेन्शन १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळते. नवव्या वर्षी घरी आलेल्याकडे डिसॅबिलिटी पेन्शन नसेल तर फारसं काही उरत नाही.

(त्यात थोडा बदल झाला आहे. ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असली तरी इनव्हॅलिड पेन्शन देण्याचा निर्णय केंद्रानं २०२० मध्ये घेतला. त्याआधी अशांना फक्त एकरकमी ग्रॅच्युइटी मिळायची.)

डिसॅबिलिटी एलिमेंटसाठी नियमानं दोन अटी आहेत. अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि ते सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. अपंगत्व कमी असेल तर रक्कम त्या प्रमाणात उतरते. युद्धात, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेकी हल्ल्यात जखमी झालेल्यांसाठी वॉर इंज्युरी पेन्शन ही वेगळी आणि बरीच मोठी रक्कम असते.

सगळं अडतं ते एका रकान्यावर

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका गावचा हवालदार आहे. भरतीच्या वेळी ठणठणीत होता, वैद्यकीय तपासणीत एकही शेरा नव्हता. सेवेत राजस्थान, काश्मीर, मग उंचावरचं पोस्टिंग झालं. चौदाव्या वर्षी रक्तदाब वाढल्याचं निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. सतराव्या वर्षी निवृत्त होताना रिलीज मेडिकल बोर्ड बसलं. अपंगत्व लिहिलं ३० टक्के, कायमचं.

इथपर्यंत सगळं त्याच्या बाजूनं आहे. पण त्याच फॉर्ममध्ये पुढे प्रश्न असतात: हा आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे बळावला का? दोन्हीपुढे ‘नाही’ लिहिलेलं असतं. फौजेत या शेऱ्याला ‘नाना’ म्हणतात. ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. मराठी कानाला हे घरच्या वडीलधाऱ्याचं नाव वाटतं, पण या नानांनी अनेकांची पेन्शन अडवली आहे.

कारणाच्या जागी बहुतेक वेळा एक ओळ असते. ‘आजार शारीरिक घडणीचा आहे’, ‘आजाराची सुरुवात शांत ठिकाणच्या पोस्टिंगमध्ये झाली’, ‘जीवनशैलीशी संबंधित’ अशा धाटणीची. शांत ठिकाण म्हणजे पीस स्टेशन, जिथे कुटुंब सोबत ठेवता येतं. आता आपल्या हवालदाराचा रक्तदाब पीस स्टेशनवर पहिल्यांदा मोजला गेला, म्हणून तो तिथेच सुरू झाला असं धरायचं का? त्याआधीची दोन वर्षं तो बर्फात होता, त्याचं काय? पुढचा सगळा वाद याच प्रश्नाचा आहे.

वादातला पैसाही बघून घेऊ. शेवटचा पगार हिशेबासाठी ५० हजार धरला, तर १०० टक्क्यांना १५ हजार होतात आणि ३० टक्क्यांना महिन्याला ४,५००. त्यावर महागाई भत्ता वेगळा, आणि हे आयुष्यभर. पुढे सांगितलेला राउंडिंग ऑफचा नियम लागला तर ४,५०० चे ७,५०० होतात.

सिद्ध कोणी करायचं? धरमवीर सिंग निकाल

या विषयातला कुठलाही निकाल वाचायला घ्या, त्यात एक नाव हमखास येतं: धरमवीर सिंग. हे सिग्नल कोअरमधले जवान. १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे बोर्ड आउट झाले. अपंगत्व २० टक्के होतं आणि शेरा नेहमीचाच, सेवेशी संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी पेन्शन दिली, खंडपीठानं ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयानं २ जुलै २०१३ रोजी ती परत दिली.

त्या निकालाचा गाभा साधा आहे. भरतीच्या वेळी फौजेच्याच डॉक्टरांनी जवानाला तपासून घेतलेलं असतं. तेव्हा आजाराची नोंद नसेल, तर तो निरोगी अवस्थेत आला असं धरायचं. नंतर तब्येत ढासळली, तर ती सेवेमुळे ढासळली असं गृहीत धरायचं. तसं नसेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. जवानावर पुराव्याचं ओझं नाही, आणि शंका उरली तर तिचा फायदा त्याला द्यायचा. भरतीच्या वेळी हा आजार ओळखता येणं शक्य नव्हतं असं मेडिकल बोर्डाचं म्हणणं असेल, तर त्याची कारणं बोर्डानं लिहायला हवीत.

म्हणजे धरमवीर सिंग निकालानं वादाची दिशाच उलटी केली. ‘तुझा आजार सेवेमुळे झाला हे दाखव’ याऐवजी ‘तो सेवेमुळे झाला नाही हे तुम्ही दाखवा’.

मग हा निकाल दाखवला की काम झालं का? नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्किझोफ्रेनियाबाबतचा दावा फेटाळला. काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत कळूच शकत नाहीत, आणि मेडिकल बोर्डाच्या मताला वजन द्यायला हवं, असा त्या निकालाचा सूर होता. पुढे मे २०२५ मध्ये, स्किझोफ्रेनियाच्याच दुसऱ्या एका प्रकरणात, याच न्यायालयानं सांगितलं की बोर्डानं कारणं दिली नसतील तर नुसत्या निष्कर्षावर पेन्शन नाकारता येणार नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की व्यवहारात काय करायचं ते कळतं. अपील लिहिताना ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे चार पानं सांगण्यापेक्षा बोर्डाच्या कागदावर कारणाचा रकाना काय म्हणतो, यावर बोट ठेवायला हवं. तो रकाना कोरा किंवा एका ओळीचा असेल, तर अपिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच.

नियमही बदलत गेले आहेत. १९८२ चे नियम जवानाला बरेच अनुकूल होते. २००८ च्या नियमांत भाषा आखडली. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आणि जीवनशैलीच्या आजारांकडे पाहण्याचा निकष कडक झाला, म्हणून माजी सैनिकांनी त्यांवर टीकाही केली. नवे नियम मागे जाऊन लागत नाहीत. त्यामुळे तुम्ही त्या तारखेच्या आधी बाहेर पडला असाल, तर ‘आता नियम बदललेत’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

३० टक्क्यांचे ५० कसे होतात?

टक्केवारी हा काही तराजूवर मोजायचा प्रकार नाही. एका डॉक्टरला २० वाटेल, दुसऱ्याला ३०. म्हणून पाचव्या वेतन आयोगानंतर राउंडिंग ऑफ आलं. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यावर असेल तर १००.

सरकारनं हा फायदा फक्त बोर्ड आउट झालेल्यांना दिला. पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्याला, तसंच अपंगत्व असूनही, तो नाकारला. म्हणजे त्रास सोसून जो शेवटपर्यंत टिकला त्यालाच कमी. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा भेद मान्य केला नाही. तुमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, डिसॅबिलिटी एलिमेंट २०, ३० किंवा ४० टक्क्यांनीच लागलेलं दिसत असेल, तर विचारणा करण्यासारखी आहे.

अपिलाच्या पायऱ्या

नकाराचं पत्र आल्यावर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. ते सेना मुख्यालयाच्या पातळीवरच्या अपील समितीकडे जातं, पण पाठवायचं आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पहिलं अपील फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील, वरच्या समितीकडे. दोन्ही साध्या अर्जावर होतात आणि वकील लागतोच असं नाही.

इथे एक चूक वारंवार होते. अर्ज हातोहात देऊन लोक पोच घेत नाहीत. पोस्टानं पाठवा, स्पीड पोस्टची पावती जपा. सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर पुढे न्यायाधिकरणात जायची वाट मोकळी होते, पण अर्ज केला होता हे दाखवावं लागतं.

अपिलाआधी एक काम करून घ्या. मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत मिळवा. ती नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दुखापतीचं प्रकरण असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागदही मागा. पोस्टिंगची यादी तारखांसह काढून ठेवा. आजार कुठे ‘सुरू झाला’ या वादात तीच उपयोगी पडते.

दोन्ही अपिलं संपली की सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि २००९ पासून सुरू झालं. मुख्य पीठ दिल्लीत आहे, महाराष्ट्रासाठी मुंबईचं प्रादेशिक पीठ. एक सदस्य न्यायिक असतो आणि एक फौजेतला निवृत्त वरिष्ठ अधिकारी, त्यामुळे ‘पीस स्टेशन’ म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. काही प्रकरणांत न्यायाधिकरण नव्यानं मेडिकल बोर्ड बसवायलाही सांगतं.

बारामतीच्या कोर्टात हा दावा चालत नाही. दिवाणी न्यायालयांना या विषयात अधिकारच नाही. तारखेला मुंबईच गाठावी लागते, आणि इंदापूरच्या माणसासाठी त्यात एक पूर्ण दिवस आणि एक खाडा जातो. न्यायाधिकरण स्थापन झालं ते न्याय लवकर आणि जवळ मिळावा म्हणून. ‘जवळ’चं काय झालं, हे मात्र आपण कुठून निघतो यावर आहे.

न्यायाधिकरणानंही नाही म्हटलं तर? २०१५ च्या एका निकालानंतर उच्च न्यायालयाचं दार जवळजवळ बंद झालं होतं आणि थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागत होतं. मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा उघडलं. आता न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. हे दार दोन्ही बाजूंना उघडलं आहे. सरकारही त्यातून आत येतं.

वीस वर्षं झाली, आता उपयोग आहे का?

आहे. पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून ती न मिळणं ही दर महिन्याला नव्यानं होणारी चूक मानली जाते. तरसेम सिंग प्रकरणात जवान १९८३ मध्ये बाहेर पडला होता आणि न्यायालयात गेला १९९९ मध्ये. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पेन्शनचा हक्क मान्य केला, पण मागची थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. सर्वसाधारणपणे हाच हिशेब लावला जातो. म्हणजे उशिरानं हक्क जात नाही, पैसे जातात.

आणखी एक तोटा आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे बाहेर पडल्यावर १५ वर्षांनंतर दावा केला आणि तोवर सेवेचे कागद नष्ट झालेले असतील, तर पुराव्याचं ओझं जवानावर येतं. धरमवीर सिंग निकालानं दिलेला सगळ्यात मोठा आधार इथे लंगडा पडतो.

सुट्टीवर असताना अपघात झाला तर?

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात, काहींना मागे दिवाही नसतो. सुट्टीवर आलेला जवान मोटारसायकलवरून जाताना अशा ट्रॉलीला धडकला, तर ती दुखापत सेवेची का?

युनिटमधून घरी येताना किंवा परत जाताना प्रवासात अपघात झाला, तर साधारणपणे तो ड्युटीवरचा मानतात. १९९९ च्या मदनसिंग शेखावत निकालानं ते स्पष्ट केलं. पण घरी पोचल्यावर, खासगी कामासाठी बाहेर पडल्यावर झालेल्या अपघाताचा सेवेशी काही संबंध दाखवावा लागतो. नुसतं ‘सुट्टी म्हणजेही ड्युटी’ हे न्यायालयानं मानलेलं नाही. अशा प्रकरणांत आशा थोडी कमी ठेवावी.

कुटुंबाच्या पेन्शनचं काय?

जवान गेल्यावर मागे राहिलेल्यांसाठी तीन प्रकार आहेत, आणि इथेही सगळं मृत्यूच्या कारणापुढे काय लिहिलं जातं त्यावर ठरतं.

सेवेशी संबंध नसलेला मृत्यू असेल तर साधी कुटुंब पेन्शन: पगाराच्या ३० टक्के, आणि सेवेत असताना मृत्यू झाला तर पहिली दहा वर्षं ५० टक्के. सेवेमुळे झालेला आजार किंवा ड्युटीवरचा अपघात असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. युद्ध, सीमेवरची कारवाई किंवा अतिरेकी हल्ल्यातला मृत्यू असेल तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, शेवटच्या पगाराइतकी. ५० हजारांच्याच हिशेबानं कायमचे १५ हजार, ३० हजार आणि ५० हजार. घर तेच आणि मुलंही तीच.

अपिलाचा रस्ता जवानासारखाच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाली काढलेलं एक प्रकरण या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्तीवर असताना एका नायकाचं हृदयक्रिया बंद पडून निधन झालं. पत्नीनं लिबरलाइज्ड पेन्शन मागितली. गोळी लागली नाही, म्हणून ही लढाईतली हानी नव्हे, असं सरकारी बाजूचं म्हणणं. न्यायाधिकरणानं तिच्या बाजूनं निकाल दिला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे अपील फेटाळलं गेलंच, शिवाय या वीरपत्नीला कोर्टात ओढायला नको होतं असं सांगत न्यायालयानं सरकारला ५० हजार रुपये तिला द्यायला लावले.

केंद्राच्या पेन्शनखेरीज राज्य सरकारची मदत वेगळी असते, तिच्या अटीही वेगळ्या. मे २०२० मध्ये काश्मीरमध्ये हंदवाडा इथे हुतात्मा झालेल्या मेजर अनुज सूद यांच्या पत्नीला महाराष्ट्र सरकारनं ती नाकारली होती. मुद्दा होता महाराष्ट्रातल्या रहिवासाचा. मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला सुनावल्यावर २०२४ मध्ये विशेष बाब म्हणून एक कोटी रुपये मंजूर झाले, ६० लाख पत्नीला आणि ४० लाख वडिलांना. हे भांडण न्यायाधिकरणात नाही तर उच्च न्यायालयात चाललं, कारण प्रश्न राज्याच्या शासन निर्णयाचा होता. कोणती मदत कोणाकडून, हे आधी वेगळं केलं नाही तर चुकीच्या दारात वर्षं जातात.

जिंकल्यावरही सरकार अपील का करतं?

हा प्रश्न फौजेतच सगळ्यात जास्त विचारला जातो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते, एक वकील आणि कारगिलमध्ये पाय गमावलेले एक मेजरही होते. अपंग सैनिकांविरुद्धची अपिलं मागे घ्यावीत, कायदा ठरलेला असताना पुन्हा पुन्हा कोर्टात जाऊ नये, असं समितीनं त्याच वर्षी सांगितलं. तरीही २०२४ मध्ये वर सांगितलेलं वीरपत्नीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंच. सरकारची बाजू अशी की काही जण या तरतुदीचा गैरफायदा घेतात आणि त्यामुळे खऱ्या जखमींचं नुकसान होतं. गैरफायदा घेणारे असतीलही. पण त्यांना गाळायची चाळणी मेडिकल बोर्डात असायला हवी, लेखी कारणांसह. ती तिथे नसते, म्हणून प्रकरण दहा वर्षांनी कोर्टात जातं.

अग्निवीरांना हे लागू आहे?

नाही. चार वर्षांच्या करारावर गेलेल्या अग्निवीराला पेन्शनच नाही, त्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शनही नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत मिळते: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातले अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये ड्युटीवर असताना गेले, तेव्हा कुटुंबाला विमा आणि सानुग्रह मदत मिळून एक कोटीच्या वर रक्कम मिळेल असं सेनेनं सांगितलं. दरमहाची कुटुंब पेन्शन मात्र त्यात नाही. सेवेशी संबंध आहे की नाही, हा रकाना अग्निवीरालाही चुकत नाही.

बारामती-इंदापूरमधून कुठे जायचं?

पहिलं ठिकाण पुण्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. अर्ज लिहून देणं, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, राज्याच्या योजना ही कामं तिथे होतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीचा अर्ज करता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २६ जुलै २०२५ रोजी वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिच्यात सैनिक कार्यालयांमध्येच कायदेशीर मदत केंद्रं उभारायची आहेत. पुण्याला जाण्याआधी फोन करून तुमच्या विषयाचा वकील कोणत्या दिवशी असतो ते विचारा, म्हणजे शंभर किलोमीटरची फेरी वाया जाणार नाही.

पेन्शनची रक्कम चुकली असेल, नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर ते अपिलाचं काम नाही. त्याची तक्रार ‘स्पर्श’ पोर्टलवर होते. वीरपत्नींच्या बाबतीत आधार कार्डावर एक नाव आणि फौजेच्या नोंदीत माहेरचं किंवा टोपणनाव, हा घोळ नेहमीचा. तो जवान हयात असतानाच, रेकॉर्ड ऑफिसला एक अर्ज करून दुरुस्त होतो.

सोबत नेण्याचे कागद: डिस्चार्ज बुक, पीपीओ, नकाराचं पत्र, मेडिकल बोर्डाची प्रत, आणि केलेल्या प्रत्येक अर्जाची पावती. मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या.